ग्रंथपालाला दिवसभर कंटाळा येत नाही का? फावल्या वेळात ते करतात तरी काय?

कंटाळा? सकाळची देवघेव उरकली की दुपारी शुकशुकाट होतो आणि तिथूनच आमची मजा सुरू होते. वाचन असतंच, पण ते बरंचसं दाखल नोंदवहीत नवी पुस्तकं चढवताना चाळण्यापुरतं. तालुक्याच्या वाचनालयात खरं सुख फाटलेलं पान सांधण्यात आहे.

पान चिकटवायची खळ घरीच करावी. एक वाटी मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळी न राहता कालवा, मग एकूण पाच-सहा वाट्या पाणी होईल इतकं घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. रंग दुधट जाऊन काचेसारखी चमक आली की उतरवा आणि गार झाल्यावर फडक्यातून गाळा. कीड लागू नये म्हणून जुने बाइंडर चिमूटभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालायचे. तो घालू नका. विषारी तर आहेच, शिवाय तांब्यामुळे कागद लवकर कुजतो. त्यापेक्षा दोन दिवस पुरेल एवढीच खळ करा.

फाटलेल्या कडेला तिरकस तंतू असतात. कुठली बाजू वर होती ते पाहून ते जसेच्या तसे जुळवा, बारीक ब्रशने अगदी पातळ खळ लावा. आधाराची पट्टी नेपाळी हातकागदाच्या सर्वांत पातळ जातीची घ्या. ती कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडा, म्हणजे कडेचे तंतू पानात मिसळतात. पट्टीच्या कागदातल्या तंतूंची दिशा पानातल्या तंतूंच्या दिशेला समांतर हवी, नाहीतर वाळताना पान लाटेसारखं उठतं. दोन्ही बाजूंना बटरपेपर, वर टीपकागद आणि वजन. दहा मिनिटांनी टीपकागद बदला, मग रात्रभर तसंच ठेवा.

आता सेलोटेप. आमच्या एका जुन्या कार्यवाहांचा हट्ट असे की 'एवढा उपद्व्याप कशाला, टेप मारा की!' टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, तिथलं पान तेलकट, पारदर्शक होतं. वरची फिल्म सुकून गळते, डाग मात्र राहतो. ग्रंथालयात टेप ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बागेचं म्हणाल तर जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतोच. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि तेल पाण्यात मिसळावं म्हणून साबणाचे चार थेंब टाकून संध्याकाळी फवारायचं. पानांच्या खालूनही. भर उन्हात फवारलंत तर पानं करपतात. कुंड्या मात्र पुस्तकांच्या कपाटामागच्या भिंतीला टेकवू नका. ओल भिंतीत झिरपते, मागोमाग वाळवी येते.

संध्याकाळी कबड्डी. नोंदवह्या भरणाऱ्याला मैदानावर गुणलेखक करतात, त्यात नवल नाही. नव्या पोरांच्या दोन चुका ठरलेल्या. समोर सहापेक्षा कमी बचावपटू असतानाही बोनस, म्हणजे चढाईत बोनस रेषा ओलांडल्याचा गुण, देऊन मोकळे होतात. आणि बोनसच्या गुणावर बाद गडी आत घेतात. बोनसवर गडी जिवंत होत नाही! लोणाचे, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद केल्याचे, जादा दोन गुण लिहायचे राहिले तर सामन्यानंतर भांडण नक्की, म्हणून ते तिथल्या तिथे वेगळ्या रकान्यात टाकावेत.

हो, एक राहिलंच. शाईपेनने लिहिलेली वही किंवा हस्तलिखित असेल तर थेट खळ लावू नका. कोपऱ्यातल्या एका अक्षरावर पाण्याचा थेंब ठेवून टीपकागदाने टिपा, रंग उतरला तर हातच लावायचा नाही. चकचकीत आर्ट पेपरही ओला होऊन एकमेकांना चिकटला की सुटत नाही. अशी पुस्तकं जाणत्या माणसाकडे द्या. टेपवाल्याकडे नको, मग तो कार्यवाह का असेना.