बागेचं चित्र वाचताना

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या ‘बागेतल्या स्त्रिया’ या चित्रावरचं तुझं टिपण वाचलं. फुलं आहेत, छत्री आहे, पांढरेशुभ्र झगे आहेत, म्हणून चित्र आनंदी, असं तू लिहिलंस. एवढ्यावर थांबू नकोस.

आधी ऊन कुठं पडलंय ते बघ. झाडाची सावली वाटेवर आडवी पसरलीय आणि खाली बसलेल्या बाईच्या झग्यावरही चढलीय. सावलीतला तो पांढरा नीट पाहा, निळसर दिसेल. तिचा चेहराही छत्रीच्या सावलीत आहे. मग माणसांकडे वळ. चौघीजणी एका बागेत, पण एकमेकींशी बोलणारी कोण दिसते? बसलेली आपल्या मांडीवरच्या फुलांत गुंतलीय, उजवीकडची तर पाठ फिरवून निघालीय. ‘एकटेपण’ हा शब्द तुला इथं वापरता येईल, कारण ती पाठ दाखवता येते. ‘विरह’ मात्र नको. त्याला चित्रात कुठंच आधार नाही.

हे चित्र अडीच मीटरहून उंच आहे. १८६६ साली मोनेनं ते खऱ्या उजेडात, उघड्यावर रंगवायला घेतलं आणि वरचा भाग रंगवताना नजरेची पातळी बदलू नये म्हणून जमिनीत चर खणून कॅनव्हास खाली उतरवायची सोय केली. उजेडासाठी एवढा खटाटोप करणाऱ्याच्या चित्रात उजेड नुसती सजावट कसा असेल? माझ्या मते तोच इथला मुख्य विषय आहे. १८६७ च्या सलोंनं, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनानं, हे चित्र नाकारलं होतं. मोबाईलवर ते बघून भागायचं नाही, मोठी छापील प्रत मिळव.

आणि आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या बागेत दुपारी चारनंतर एकदा जा. पांढरा सदरा घातलेलं कुणी झाडाखाली बसलं असेल, तर त्या सदऱ्यावर किती रंग आहेत ते वहीत उतरव. तिथल्याच संग्रहालयात आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत, तीही सावकाश बघ. कोल्हापूरचं ऊन त्यांच्याइतकं जीव लावून फार थोड्यांनी पाहिलंय.

मग टिपण नव्यानं लिही. भावनेचा प्रत्येक शब्द लिहिलास की शेजारी चित्रातली जागा नोंदव: झग्याची कड, उजवा कोपरा, वाटेवरची सावली. जागा सापडली नाही तर शब्द खोड. रविवारी वही घेऊन घरी ये, आपण दोघं मिळून वाचू.

तुझे,
सर