वडिलांना न दिसणारं ऐकण्याचं मशीन हवंय

प्रश्न : वडील 74 वर्षांचे आहेत. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, असं म्हणतात. तपासणीत दोन्ही कानांना 500 हर्ट्झपर्यंत 25 डेसिबल आणि 2000 हर्ट्झच्या पुढे 60 डेसिबल निघालं. कानात पूर्ण लपेल असंच मशीन हवं, असा त्यांचा हट्ट आहे. हाताला कंप आहे. काय घ्यावं?

उत्तर : कंपाचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण मी सुरुवात तिथूनच करते. पूर्ण आत बसणाऱ्या मशीनला बहुतेक वेळा 10 नंबरचा, पिवळ्या पट्टीचा सेल लागतो. त्याची रुंदी जेमतेम 6 मिलिमीटर, आणि तो दर थोड्या दिवसांनी बदलावा लागतो. कापऱ्या हातांना ते जमत नाही, मग मशीन कपाटात जातं. असं पडून राहिलेलं मशीन पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण त्या माणसाला ऐकायचं असतं.

दुसरं, हर्ट्झ म्हणजे आवाज किती जाड किंवा बारीक, आणि डेसिबल म्हणजे तो ऐकू यायला किती मोठा लागतो. तुमच्या आकड्यांवरून वडिलांना खालचे, म्हणजे जाड आवाज चांगले ऐकू येतात. कमी पडतात ते वरचे, बारीक आवाज, म्हणजे स, श, फ, त यांसारखी व्यंजनं. म्हणून आवाज येतो आणि शब्द निसटतो. अशा कानाची नळी पूर्ण बंद केली तर स्वतःचं बोलणं घागरीत तोंड घातल्यासारखं घुमतं. त्यांना मी कानामागचं, बारीक तारेचं मशीन सुचवेन. छोटा स्पीकर कानाच्या नळीत बसतो, त्यावर भोकांची मऊ टोपी असते. खालचे आवाज आपसूक आत जातात, मशीन फक्त वरचे वाढवतं. त्यात दोन माइक मावतात, त्यामुळे गर्दीत समोरच्याचं बोलणं वेगळं काढायला मदत होते. चार्जिंगचं घेतलंत तर सेलची कटकटच नाही. मात्र स्पीकरला मळ आणि ओलावा बाधतो. त्याची जाळी बदलण्याचं काम घरातल्या कुणीतरी अंगावर घ्यावं.

वडिलांची लाज खरी आहे, तिच्यावर वाद घालू नका. केसांच्या रंगाचं मशीन लावून त्यांना आरशासमोर बसवा; समोरून तार फारशी दिसत नाही. दोन्ही प्रकार त्यांनी स्वतःच्या हातांनी घालून-काढून पाहू देत. काही आठवडे घरी वापरून परत करता येईल का, हे घेण्याआधीच विचारा. दोन्ही कान सारखेच असल्याने मशीनही दोन्हींना लावा.

कान वाहत असेल किंवा एकाच कानाचं ऐकणं अचानक कमी झालं असेल, तर मशीन थांबू द्या, आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अचानक कमी झालं असेल तर त्याच दिवशी.