वाचकांचे प्रश्न : ५० मिमीची स्वस्त लेन्स घ्यावी की महाग?

प्रश्न : माझ्याकडे कॅननचा आरएफ माउंटचा (माउंट म्हणजे लेन्स जिथे कॅमेऱ्याला जोडली जाते तो भाग) फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा आहे. रामकुंडावरची पहाटेची वर्दळ आणि पावसाळ्यातला त्र्यंबकेश्वर-अंजनेरीचा परिसर टिपण्यासाठी ५० मिमीची लेन्स घ्यायची आहे. एफ/१.८ची लेन्स शार्प नसते, शिवाय प्लास्टिकची असते, असे सांगून मित्र एफ/१.२ एल (कॅननच्या महागड्या, व्यावसायिक श्रेणीतल्या) लेन्ससाठी थांबायला सांगतात. किमतीतला फरक फोटोत खरोखर दिसतो का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : फरक दिसतो, परंतु तो कोणत्या अ‍ॅपर्चरवर आणि फ्रेमच्या कोणत्या भागात दिसतो हे पाहूनच निर्णय घ्यावा. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफपुढचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे. एफ/१.८च्या लेन्समध्ये ६ भिंगे आहेत, तर एफ/१.२ एलमध्ये १५. ही वाढीव भिंगे मुख्यतः अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे असताना उद्भवणारे दोष आवरण्यासाठी असतात. म्हणूनच स्वस्त लेन्स एफ/१.८वर वापरली तर कोपरे मऊ, म्हणजे किंचित अस्पष्ट, पडतात आणि उजळ कडांना जांभळट झाक येते. त्याच वेळी मधला भाग मात्र बऱ्यापैकी रेखीव असतो. हीच लेन्स एफ/५.६वर नेली, की नेहमीच्या आकाराच्या प्रिंटमध्ये दोन्ही लेन्सचे फोटो वेगळे ओळखणे अवघड होते. अंजनेरीचे डोंगर आपण एफ/८वर टिपणार असाल, तर केवळ शार्पनेससाठी महाग लेन्स घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रामकुंडावरच्या पहाटेची गोष्ट थोडी निराळी आहे. एफ/१.२वर एफ/१.८च्या सव्वादोन पट प्रकाश आत येतो, त्यामुळे शटरचा वेग तितकाच वाढवता येतो, आणि हलत्या माणसांचे फोटो पुसट येण्याचे कारण बहुतेकदा लेन्स नसून मंद शटर हेच असते. मात्र दोन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो एफ/१.२वर घेतल्यास जेमतेम १२ सेंटिमीटर खोलीचा भागच स्पष्ट येतो. घाटावरच्या गर्दीत, जिथे चारपाच चेहरे पुढेमागे असतात, तिथे हा लाभ बराचसा वाया जातो.

बांधणीतला फरक मात्र निर्विवाद आहे. स्वस्त लेन्सचे बाह्यांग प्लास्टिकचे असले, तरी माउंट धातूचे आहे आणि वजन अवघे १६० ग्रॅम. एल लेन्स ९५० ग्रॅमची, म्हणजे जवळपास सहापट जड. प्लास्टिकला नावे ठेवण्याचे आम्हांला कारण दिसत नाही, कारण दिवसभर गळ्यात कॅमेरा अडकवून चढणाऱ्यासाठी हलकेपणा हा गुणच आहे. उणीव आहे ती धूळ आणि पाणी रोखणाऱ्या सीलिंगची. स्वस्त लेन्समध्ये ते नाही, शिवाय फोकस करताना तिची पुढची नळी बाहेर येते. एल लेन्समध्ये सीलिंग आहे. पण कॅमेराही तसाच सीलबंद असेल तरच त्याचा उपयोग होतो, आणि तेव्हाही ते संरक्षण तुषारांपुरते मानावे, त्र्यंबकच्या मुसळधार पावसापुरते नव्हे. दोन्ही लेन्सना रेनकव्हर लागेलच, आणि ओलसर हवेत येणारी बुरशी किंमत पाहून येत नसल्याने दोन्ही सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यातच ठेवाव्यात.

या सर्व कारणांसाठी आपण एफ/१.८चीच लेन्स घ्यावी आणि घेतल्याबरोबर तपासावी. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून विटांच्या सपाट भिंतीचा फोटो अगदी समोरून, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून काढावा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो या रचनेचा स्वभाव समजावा. एकच कोपरा इतरांहून ठळकपणे धूसर असेल तर आतले भिंग जागेवरून सरकलेले असण्याची शक्यता असते, आणि अशी लेन्स दुकानदाराकडून लगेच बदलून घ्यावी.