मागून धडकला म्हणजे चूक आपलीच, मग क्लेम करून उपयोग आहे का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ रात्री मोटरसायकलवर येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. त्याच्या मांडीचं हाड मोडलं, मागे बसलेल्या मित्राचा हात मोडला. हेल्मेट नव्हतं. पोलिसांनी गुन्हा भावावरच नोंदवला, आणि अमेरिकेतला चुलतभाऊ फोनवर सांगतोय की आपली जराशी जरी चूक निघाली तर एक पैसा मिळत नाही.

क्लेम करा. आणि चुलतभावाला सांगा, तू तुझ्या गावचं बरोबर सांगतोयस, आमच्या गावचं नाही. तो नॉर्थ कॅरोलायनात आहे म्हणता, तिथे खरंच तसा कायदा आहे. तिथे, व्हर्जिनिया, मेरीलँड, अलाबामा आणि वॉशिंग्टन डीसीत जखमी माणसाची एक टक्का चूक सिद्ध झाली तरी त्याला हात हलवत परत यावं लागतं. हा नियम मूळचा इंग्रजांचा, आणि खुद्द इंग्लंडने तो 1945 मध्ये सोडून दिला. आपल्याकडे मोटार अपघात ट्रिब्युनल, म्हणजे अपघाताच्या भरपाईचं कोर्ट, दोघांच्या चुकीचे टक्के ठरवतं आणि तुमच्या वाट्याचे टक्के रकमेतून कापतं. बाकीचे द्यावेच लागतात.

हे मला कुणी वाचून दाखवलेलं नाही, आमच्या घरात घडलंय. म्हणून तुमचा प्रश्न बघितल्यावर राहवलं नाही.

2017 च्या गळीत हंगामात माझे मिस्टर असेच ट्रॉलीला धडकले. त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारी काढायच्या, जळालेली कॉइल भरायची, परत सोडायच्या. त्या रात्री एक मोटार सोडून परत येत होते. डबल ट्रॉली टायर फुटून डांबरावरच उभी. ड्रायव्हरने मागच्या बाजूला तीन-चार दगड मांडले होते, तीच त्याची खूण. समोरून ट्रक अपर मारत आला आणि मिस्टर ट्रॉलीखाली गेले. नडगीची दोन्ही हाडं मोडली, गुडघा कायमचा आखडला. पोलिसांनी लिहिलं, "भरधाव वेगात व निष्काळजीपणे चालवून उभ्या ट्रॉलीस पाठीमागून धडक दिली." दगडांचा उल्लेख पंचनाम्यात नाही. रेडियमचाही नाही.

रेडियमची गोष्ट मुद्दाम सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा भाऊ ट्रॉली बघायला गेला तर मागच्या फाळक्यावर लाल रेडियमची कोरी करकरीत पट्टी! कडेचा कागदसुद्धा नीट सोललेला नव्हता. आमचं नशीब की एका दूधवाल्याने पहाटे डेअरीला जाताना मोबाइलवर फोटो काढला होता. त्यात फाळक्यावर नुसता वाळलेला चिखल आणि बाहेर लोंबणारं वाढं. पुढे त्या एका फोटोने जेवढं काम केलं तेवढं आम्ही दिलेल्या कुठल्याच कागदाने केलं नाही.

आता आमचे मोठे दीर. ट्रॉली त्यांच्या सासुरवाडीकडच्या पाव्हण्याची होती. मिस्टर आंबेजोगाईला स्वाराती सरकारी दवाखान्यात प्लास्टरमध्ये पडलेले, आणि दीर तिथेच पाव्हण्याला घेऊन आले. साठ हजार घ्या, स्टॅम्पवर सही करा, विषय मिटवा. "मागून धडकलाय. शेंबडं पोरगं सांगंल चूक कुणाची. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." मी म्हणाले, दादा, पायरी चढायला पाय तरी कुठे राहिलाय त्यांचा. तेव्हापासून आमचं बोलणं बेताचंच आहे.

तुमच्याकडेही असा कुणीतरी येईल. आलाही असेल. त्याला चहा द्या, सही देऊ नका. गावात मिटवणारा माणूस नेहमी ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याच्या बाजूने मिटवतो, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. आणि पैसे काही पाव्हण्याच्या खिशातून जात नाहीत. ट्रॅक्टरचा विमा असेल तर कंपनी भरते, इतकी साधी गोष्ट दिरांना आजही पटत नाही.

तर कोर्ट. पोलिसांनी गुन्हा कुणावर नोंदवला त्याने ट्रिब्युनलचे हात बांधले जात नाहीत. फौजदारी खटल्यासारखं संशयापलीकडे काही सिद्ध करायचं नसतं, कुठली बाजू जास्त खरी वाटते एवढंच बघतात. आमच्या वकिलांनी ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला पिंजऱ्यात विचारलं, ट्रॉलीचा मागचा दिवा चालू होता का? तो बिचारा प्रामाणिकपणे म्हणाला, "ट्रॉलीला वायरच कुठं असती साहेब?" जज साहेबांनी मान वर करून बघितलं. वाहन रस्त्यात धोका होईल असं उभं ठेवायचं नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 मध्ये स्वच्छ लिहिलंय.

मग विमा कंपनीच्या वकिलाने मिस्टरांना घेतलं. स्पीड किती? "पन्नास-साठ." लाइट अपर होता की डिपर? "डिपर." किती लांबचं दिसत होतं? "वीसेक फूट." मग वीस फुटांत गाडी थांबेल असा स्पीड का नव्हता? गप्प. तिथेच पंचवीस टक्के गेले.

निकालात मिस्टरांची चूक पंचवीस, ट्रॅक्टरवाल्याची पंचाहत्तर. भरपाई धरली आठ लाख, त्यातून दोन लाख वजा, हातात सहा लाख आणि अर्ज केल्या तारखेपासूनचं व्याज. दिरांचं म्हणणं काय? "बघा, चूक निघालीच की! आणि तीस-चाळीस स्पीड म्हणाला असता तर दोन लाख वाचले असते." म्हणजे आधी म्हणायचं सगळी चूक तुझी, आणि मग म्हणायचं खोटं का नाही बोललास. पंचवीस टक्के चूक म्हणजे सगळी चूक नव्हे, हा हिशोब ज्याला करायचाच नाही त्याला ट्रिब्युनलचा निकालही कमीच पडतो. साठ हजार कुठे आणि सहा लाख कुठे, हे मी दर दिवाळीला मनात म्हणते. यंदा इथे लिहिलं.

खरं तर पंचवीससुद्धा जास्तच होते, असं आमचे वकील म्हणायचे. 2018 मध्ये अर्चित सैनी प्रकरणात कार अशीच रात्री दिवे न लावता रस्त्यात उभ्या केलेल्या गॅस टँकरवर आदळली होती. हायकोर्टाने कारवाल्याला निम्मा दोष दिला, सुप्रीम कोर्टाने तो काढून टाकला. हा निकाल तुमच्या वकिलाला जरूर दाखवा. आमचं अपील औरंगाबाद खंडपीठात जाऊ शकलं असतं, पण मिस्टर म्हणाले पुरे.

तुमच्या हेल्मेटचं म्हणाल तर मोडली मांडी. हेल्मेट मांडीला घालत नाहीत. कायदा मोडला म्हणजे आपोआप अपघातातली चूक ठरत नाही. मोहम्मद सिद्दीक प्रकरणात, 2020 मध्ये, मोटरसायकलवर तिघे बसले होते, तरी सुप्रीम कोर्ट म्हणालं की तिघे बसल्याचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध दाखवा, तरच पैसे कापा. मागे बसलेल्या मित्राला वेगळा अर्ज करायला सांगा. भावाची चूक कितीही धरली तरी ती मित्राच्या रकमेतून कापता येत नाही, कारण हँडल त्याच्या हातात नव्हतं.

सर्टिफिकेटवर अपंगत्वाचे किती टक्के लिहिलेत तेवढ्यावर समाधान मानू नका. त्या पायाने धंदा किती बुडाला ते बघायचं असतं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार, 2011, हा निकाल त्यासाठीच वापरतात. आमच्या केसमध्ये वकिलांनी एकच विचारलं, विहिरीत उतरता येतं का? खुर्चीवरच्या कारकुनाचा गुडघा आखडणं वेगळं आणि यांचा वेगळा, हे तिथे नोंदलं गेलं. वकील टक्केवारी मागत असेल तर जपून. निकालातल्या रकमेत वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, तरी मागणारे भेटतात.

एक मात्र आधीच सांगायला हवं होतं. आमचं प्रकरण जुन्या कायद्यातलं. तेव्हा अर्जाला मुदत नव्हती. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा आहे. या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. चूक कुणाची या भानगडीतच पडायचं नसेल तर कलम 164 आहे, त्यात गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यू झाल्यास पाच लाख अशी ठरलेली रक्कम मिळते. पण तुम्ही म्हणता तेवढी दुखापत असेल तर मी कलम 166 चाच, म्हणजे आम्ही केला तसा समोरच्याची चूक दाखवून भरपाई मागायचा, अर्ज करा म्हणेन. अर्ज भाऊ राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो, अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी.

किती वर्षं लागतील ते विचारलंत, ते तुमच्या वकिलालाच विचारा. ट्रॉलीचे मागून, बाजूने फोटो मात्र आजच्या आज काढा, आणि रात्री तिथून कोण कोण गेलं ते डेअरीवर विचारा.