लग्नाच्या व्हिडिओचा आवाज येतो, पण चित्र हिरवे दिसते. त्यात अजिंक्यताऱ्यावरील ड्रोनचे चित्रीकरणही आहे. दोन कोडेक पॅक टाकूनही उपयोग नाही. काय करावे? (सातारा)

दोन्ही कोडेक पॅक (कोडेक म्हणजे व्हिडिओ-आवाज उलगडणारे छोटे प्रोग्रॅम, पॅक म्हणजे त्यांचा संच) सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीतून काढून टाका, संगणक रीस्टार्ट करा आणि तीच फाईल व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून पाहा. सांगलीत संगणक दुरुस्तीचे काम करताना अशी तक्रार लग्नसराईत हमखास येते आणि बहुतेक वेळा मूळ फाईल निर्दोष असते. कोडेक पॅक आपले फिल्टर, म्हणजे चित्र किंवा आवाज उलगडणारे घटक, विंडोजमध्ये नोंदवतात आणि प्रत्येक फिल्टरला प्राधान्याचा एक आकडा असतो. त्यामुळे डायरेक्टशो या विंडोजच्या जुन्या व्हिडिओ यंत्रणेवर चालणारा प्लेअर योग्य फिल्टर न निवडता ज्याचा आकडा मोठा तो निवडतो, आणि दोन पॅक एकत्र आले की चित्र एकाकडे व आवाज दुसऱ्याकडे अशी वाटणी होऊन सगळाच घोळ होतो. व्हीएलसी स्वतःचे कोडेक सोबत बाळगतो, म्हणून या भांडणात तो पडतच नाही. (संकेतस्थळावर ‘व्हिडिओ चालत नाही? हा पॅक घ्या’ असे बटण दिसले, तर ते दाबू नये हे बरे.) अजिंक्यताऱ्यावरील ड्रोनचे चित्रीकरण बहुधा एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी या २०१३ साली प्रमाणित झालेल्या प्रकारात असेल. ते विंडोजच्याच प्लेअरमध्ये पाहायचे असल्यास मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील एचईव्हीसी एक्स्टेन्शन पुरते.

मात्र व्हीएलसीमध्येही हिरवेच दिसले, तर दोष कोडेकचा नसून बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. अशा वेळी व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमधील इनपुट/कोडेक्स या भागात हार्डवेअर डिकोडिंग (ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओ उलगडणे) बंद करावे आणि ड्रायव्हर अद्ययावत करावा.