क्रॅटकीला दोष द्यायचा की प्लेअर सोडले त्यांना?

प्रश्न : मुंबई सिटी या फुटबॉल क्लबवरून आमच्या ग्रुपमध्ये रोज भांडणं चाललीयेत. अर्धे म्हणतात आधीचा कोच बकिंगहॅम गेला तिथेच सगळं बिघडलं, त्याच्या जागी आलेल्या क्रॅटकीला टीम जमलीच नाही. बाकीचे म्हणतात क्लबने प्लेअर सोडले ते चुकलं. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मी दुसऱ्या गटात आहे भाऊ. बकिंगहॅम नोव्हेंबर 2023 मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेड क्लबला गेला, मग क्रॅटकी आला आणि त्याच सीझनमध्ये, 4 मे 2024 ला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या (ISL) फायनलमध्ये मोहन बागानला त्यांच्याच घरात 3-1 हरवून कप आणला की त्याने! आधी मोहन बागानच्या कमिंग्जने गोल मारला होता, आपल्या डियाझने बरोबरी केली, मग बिपिन, मग शेवटी वोयटुश. जमलं नसतं तर हे झालं असतं का?

पण त्यानंतर बघा, मिडफिल्डर आपुइया मोहन बागानला गेला, आणि भेके, नोगेरा, डियाझ तिघं बंगळुरू क्लबला. स्ट्युअर्ट तर जानेवारीतच गेला होता. आपुइया डिफेंडरकडून बॉल घ्यायचा, अंगावर आलेल्याला चुकवून पुढे द्यायचा, ते काम बंद पडलं की फॉरवर्डपर्यंत बॉल पोचणार कसा, कोच कोणीही असू दे. पुढच्या सीझनला आपण लीगमध्ये सहावे आलो आणि मार्च 2025 मध्ये प्लेऑफमध्ये त्याच बंगळुरूने 5-0 ने बाहेर काढलं, अजून सलतंय ते.

क्रॅटकीच्या काही चेंजेसवर मीही वैतागलोय, ते वेगळं. पण कणा काढून घेतला तो त्याने नाही.