पॅनचा एक बोल्ट नुसताच फिरतोय, बाकीचे अजून आवळू का?

तुमच्या प्रश्नाच्या तिसऱ्या ओळीलाच कळलं की पुढे काय असणार. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर बदललं, पॅन (गिअरबॉक्सच्या तळाची ऑइलची थाळी) बसवला, टॉर्कच्या, म्हणजे बोल्ट आवळायच्या जोराच्या, चार्टवर ८० लिहिलं होतं म्हणून टॉर्क रेंच (ठरवलेला जोर आला की टिक करणारा पाना) ८० वर लावला, टिक काही झालं नाही, एक बोल्ट नुसता फिरायला लागला, बाकीचे ‘घट्ट वाटेपर्यंत’ आवळले. सकाळी खाली थेंब. आता विचारताय की उरलेले अजून थोडे आवळले तर गळती थांबेल का.

नाही थांबणार. पाना खाली ठेवा.

ही चूक माझ्याही हातून झालेली आहे, त्यामुळे शहाणपणा शिकवत नाही. पण खरं नुकसान त्या पहिल्या बोल्टने होत नाही. ते होतं नंतरच्या ‘अजून अर्धा फेरा’ने. मला तो सल्ला एका वर्कशॉपने फोनवर दिला होता. नाव घेत नाही. गाडी न बघता, कुठला बोल्ट, कुठला गिअरबॉक्स हे न विचारता ‘आवळा हो, थांबेल’ म्हणणाऱ्यांना काय म्हणावं!

गाडी स्टँडवर घेणं, ऑइल काढणं हे तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही.

आधी तो आकडा. ८० कसले? इंच-पाउंड असतील तर ते झाले ९ न्यूटन-मीटर. किलो-सेंटिमीटर असतील तर ७.८. दोन्ही पॅनच्या बोल्टला शोभणारे आकडे आहेत. फूट-पाउंड धरले तर १०८ न्यूटन-मीटर होतात, आणि तुम्ही रेंच लावला तसे सरळ न्यूटन-मीटर धरले तर हव्या त्यापेक्षा नऊपट. पॅनचा बोल्ट बहुतेक वेळा एम६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा असतो. ८.८ ग्रेडचा (डोक्यावर छापलेला मजबुतीचा आकडा) एम६ वीस न्यूटन-मीटरच्या आसपासच तुटायच्या बेताला येतो. म्हणजे तुमचा रेंच ८० ला टिक करणं शक्यच नव्हतं. त्याआधी एक तर बोल्ट तुटणार किंवा आटे जाणार. केसिंग (गिअरबॉक्सचं कवच) अॅल्युमिनियमची, बोल्ट स्टीलचा, त्यामुळे आटे गेले.

हिशोब पाठ करून ठेवा: इंच-पाउंडला ८.८५ ने भागायचं, किलो-सेंटिमीटरला १०.२ ने भागायचं, फूट-पाउंडला १.३५६ ने गुणायचं. उत्तर न्यूटन-मीटरमध्ये. पत्र्याच्या पॅनच्या एम६ बोल्टसाठी उत्तर १२ च्या वर गेलं तर आपण एककात चुकलोय असं समजून पुन्हा बघायचं.

अंदाज यावा म्हणून काही आकडे देतो. मर्सिडीजच्या ७२२.६ या गिअरबॉक्समध्ये पॅनचे बोल्ट ८ न्यूटन-मीटर. जीएमच्या ४एल६०-ई ला ११, आणि तोच आकडा मॅन्युअलमध्ये ९७ इंच-पाउंड असाही दिसतो. टोयोटाच्या ए७५० ला फक्त ४.४. हे आकडे तुमच्या गाडीला लावू नका. तुमच्या गिअरबॉक्सच्या मॅन्युअलचा आकडा शेवटचा. ४.४ आणि ११ मध्ये अडीचपट फरक आहे, त्यामुळे ‘सगळ्या ऑटोमॅटिकला दहा चालतं’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

दुसरी गोष्ट रेंच. अर्धा इंच ड्राइव्हचा (सॉकेट बसतो त्या चौकोनी टोकाचं माप), ४० ते २०० न्यूटन-मीटरचा रेंच या कामाचा नाही. तो १० वर येतच नाही. ज्यांचा येतो त्यांचाही खालच्या टोकाला भरवसा नसतो. पूर्ण क्षमतेच्या खालच्या वीस टक्क्यांत कुठल्याच क्लिक रेंचवर मी विसंबत नाही. शिवाय हाताला कळत नाही. हिशोब करून बघा: ४५ सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला १० न्यूटन-मीटरसाठी जेमतेम सव्वादोन किलोचा जोर लागतो. एवढ्या जोरात रेंच नुसता हलवला जातो. तेवढ्याच टॉर्कला १५ सेंटिमीटरच्या दांड्यावर पावणेसात किलोचा जोर लागतो, तो बोटांना जाणवतो. म्हणून पाव इंच ड्राइव्हचा, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा रेंच आणा, किंवा उसना आणा.

छोट्या रेंचची टिक मोठ्यासारखी खणखणीत नसते. ८ न्यूटन-मीटरला ती ऐकू येण्यापेक्षा तळहाताला कळते, गुडघ्याचं हाड हलकेच सरकावं तशी. गाडीखाली जाण्याआधी व्हाइसमध्ये एखादा मोठा बोल्ट पकडून त्यावर पाच-सहा वेळा टिक घेऊन बघा, म्हणजे हाताला ओळख होते. टिक झाली की थांबायचं. ‘खात्रीसाठी’ पुन्हा टिक-टिक करणारे पुष्कळ आहेत. दर वेळी बोल्ट थोडा पुढे जातो. काम झालं की रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून राहते.

आता तुमच्या पॅनकडे. पण त्याआधी एक तपासणी, कारण ही वगळून लोक चांगला पॅन पुन्हा उघडतात: गळती पॅनमधूनच आहे ना? ऑइल वरून ओघळत येतं आणि पॅनच्या कडेला थेंब होऊन लटकतं. कूलरच्या पाइपचे जोड, गिअर निवडायच्या दांड्याचं सील, ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी नळी), वायरिंगचा सॉकेट हे सगळे संशयित. ७२२.६ मध्ये तर वायरिंगच्या प्लगच्या ओ-रिंगमधून गळणं इतकं नेहमीचं आहे की तिथे आधी बोट फिरवून बघावं. तिथलं ऑइल वायरच्या आतून चढत थेट गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटपर्यंत जातं. सगळं ब्रेक क्लीनरने धुवा, कोरडं करा, कडेवर टाल्कम पावडर फुंका, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होईल तिथे गळती. तुमच्या बाबतीत एक बोल्ट फिरतोय म्हणजे पॅन दोषी असण्याची शक्यता दाट, तरीही करा.

पॅन काढल्यावर तो बोल्ट हातात घेऊन बघा. त्याच्या आट्यांत चांदीच्या तारेसारखी एक गुंडाळी अडकलेली दिसेल. ते केसिंगचे आटे. बोल्ट बदलून उपयोग नाही, गेलेत ते भोकातले.

लगेच ड्रिल घेऊ नका. एक काडी किंवा तार भोकात घालून खोली मोजा आणि बोल्ट त्यात किती शिरत होता ते मोजा. कित्येकदा भोक खोल असतं आणि खालचे चार-पाच आटे कोरे असतात. तसं असेल तर ५ मिलिमीटर लांब, त्याच ग्रेडचा बोल्ट लावून काम होतं. मात्र गॅस्केट (पॅन आणि केसिंगमधली सील करणारी पट्टी) आणि पॅनची जाडी धरूनही बोल्टच्या टोकापुढे किमान २ मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. टोक तळाला टेकलं तर रेंच टिक करेल आणि पॅन सैलच राहील.

तळाला आटे नसतील तर हेलिकॉइल, म्हणजे भोक मोठं करून आत बसवायची, नवे आटे देणारी तारेची गुंडाळी. एम६ साठी ६.३ चं ड्रिल, सोबत येणारा खास टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार (साधा एम६ टॅप नव्हे), आणि भोकाची खोली पुरत असेल तर ९ मिलिमीटर लांबीची कॉइल. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळा. ड्रिलच्या आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो. वर व्हॉल्व्ह बॉडी (ऑइल वळवणाऱ्या व्हॉल्व्हचा ठोकळा) उघडी आहे, ती स्वच्छ प्लास्टिकने झाका. चिंधी नको, धागे सुटतात. कॉइल कडेपासून पाव ते अर्धा फेरा आत बसवा आणि कॉइल फिरवायला तिच्या टोकाला असलेली शेपटी तोडून बाहेर काढा. ती मोजून हातात आली पाहिजे, ‘पडली असेल कुठेतरी’ चालणार नाही. थेट एम८ करायचा मोह होईल, पण पॅनची कड अरुंद असते आणि गॅस्केटचं भोकही मोठं करावं लागतं. मी करणार नाही.

हे हाताला नवीन असेल तर एका जुन्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर दोन कॉइल बसवून बघा. नाहीतर एवढंच काम लेथवाल्याकडून करून घ्या. यात कमीपणा नाही.

मग पॅनची कड. जास्त आवळल्याने प्रत्येक भोकाभोवती पत्रा वरच्या बाजूला फुगलेला असतो. सपाट काचेवर पालथा ठेवा, किंवा कडेवर स्टीलची पट्टी धरून उजेडाकडे बघा. भोकाजवळ टेकते आणि दोन भोकांच्या मधे उजेड दिसतो? गळती नेमकी तिथून. आणि जितकं आवळाल तितकी मधली फट वाढते. आता कळलं ना पाना का खाली ठेवायला सांगितला? कड सपाट लाकडावर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने फुगवटे हलके ठोका, सपाट होईपर्यंत. ओतीव अॅल्युमिनियमच्या पॅनला हे करू नका, तडा जातो. प्लास्टिकचा असेल, झेडएफ कंपनीच्या ८एचपी गिअरबॉक्सवर असतो तसा फिल्टरसकटचा, तर वाकलेला पॅन सरळ बदलायचाच.

गॅस्केट नवीन आणि कोरडं. त्याला सीलंट फासू नका. सीलंट वंगणाचं काम करतं आणि आवळताना गॅस्केट बाहेर सरकतं, उरलेले तुकडे आत तरंगून फिल्टरवर जाऊन बसतात. मॅन्युअलमध्ये गॅस्केट नसून सीलंटच सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

भोकं कोरडी करा. हे लोक हमखास विसरतात. वरून ऑइल टपकत असतं, आट्यांना लागतं, घर्षण कमी होतं आणि त्याच ८ न्यूटन-मीटरला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. टॉर्कचा मोठा भाग बोल्टच्या डोक्याखालचं आणि आट्यांतलं घर्षण खातं, प्रत्यक्ष ताणायला साधारण दहावा हिस्साच उरतो. म्हणून घर्षणातला थोडासा फरकही ताणाला भारी पडतो. बंद तळाच्या भोकात ऑइल साचलं असेल तर बोल्ट ते दाबतो आणि केसिंगला तडाही जाऊ शकतो. क्लीनर मारा, हवा मारा, चष्मा घालून.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा, एकही पान्याने सुरू करायचा नाही. हाताने तीन-चार फेरे जात नसेल तर तो तिरका लागतोय. मग मधून बाहेर, समोरासमोर: पहिला फेरा ३ न्यूटन-मीटर, दुसरा ६, तिसरा पूर्ण. हे ८ च्या हिशोबाने. तुमचा आकडा ४.४ असेल तर २, मग पूर्ण. रेंच ५ पासून सुरू होत असेल तर खालचे फेरे छोट्या रॅचेटने अंदाजाने चालतात, पण शेवटच्या ४.४ साठी त्याहून लहान रेंच लागेलच. कॉर्कचं गॅस्केट असेल तर गाडी एकदा तापवून पूर्ण थंड झाल्यावर त्याच आकड्यावर पुन्हा एक फेरा घ्या, कॉर्क बसतं. आत धातूच्या बुशा असलेल्या रबरी गॅस्केटला गरज नाही.

बोल्ट हातात विलक्षण हलका लागला आणि चुंबक चिकटत नसेल तर तो अॅल्युमिनियमचा आहे. त्याला ठरावीक टॉर्क आणि वर ठरावीक अंश फिरवायला सांगितलेलं असतं, आणि तो एकदाच वापरायचा. स्टीलचा ‘मजबूत’ बोल्ट त्या जागी घालू नका. मॅग्नेशियमच्या केसिंगमध्ये स्टील घातलं की गंज आटेच खातो.

विषयांतर, पण फिल्टर बदलताना व्हॉल्व्ह बॉडीचे बोल्ट ‘सहज’ तपासले असतील तर सांगा. तेही ८ ते ११ च्या घरातले असतात आणि त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. जास्त आवळले तर आतल्या व्हॉल्व्हची भोकं किंचित वाकतात, व्हॉल्व्ह अडकतात, आणि गिअर ‘डी’ मध्ये टाकल्यावर गाडी उशिरा हलते. मग लोक क्लच प्लेट बदलतात. उद्या गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर बेलहाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या इंजिनला जोडणाऱ्या तोंडाचे) बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनकडे ओढू नका. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) पूर्ण बसला असेल तर दोन्ही तोंडं हाताने एकमेकांना भिडतात आणि कन्व्हर्टर मोकळा फिरतो. भिडत नसतील तर तो पंपात बसलेला नाही, आणि बोल्ट आवळणं म्हणजे पंप फोडणं.

सगळं झाल्यावर ऑइलची लेव्हल मॅन्युअलने सांगितलेल्या तापमानालाच बघा. गार असताना पुरेशी दिसते आणि तापल्यावर जास्त होते, किंवा उलट गोंधळ. तोवर गाडी फिरवू नका. थेंबथेंब गळूनही लेव्हल खाली गेली की पंप हवा ओढतो आणि क्लच घसरून जळतात.

गाडी मी बघितलेली नाही, त्यामुळे वरचं सगळं तुमच्या वर्णनावर. त्या चार्टचा फोटो टाका, फक्त ८० ची ओळ नको, रकान्याचं डोकंही दिसू दे. एकक बहुतेक वेळा तिथे वर बारीक अक्षरात छापलेलं असतं. आणि फिरणारा बोल्ट पॅनच्या कोपऱ्यातला आहे की मधला, तेही लिहा.